कोयता सगळ्यात शेवटी: गावातली जुनी दफनभूमी वाचवायची म्हणजे काय करायचं

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८चं. पर्यटक ते बघतात, फोटो काढतात आणि समुद्राकडे वळतात. कोकणातल्या ज्या बेने इस्रायल ज्यू समाजाने ते उभारलं त्याच्या दफनभूमी मात्र सहसा कुणाच्या वाटेवर येत नाहीत. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात त्या गावोगाव विखुरलेल्या आहेत. काही ठिकाणी फाटक आहे, कुलूप आहे, कुणीतरी लक्ष ठेवून आहे. काही ठिकाणी घाणेरी आणि रानमोडी इतकी माजली आहे की आत दगड आहेत हे दुसऱ्याने सांगावं लागतं.

अशा जागेचा विषय गावात निघाला की ठरतं एकच: रविवारी जमू, कोयते आणू, दिवसभरात साफ करून टाकू. हेतू चांगलाच असतो. पण या कामात कोयत्याचा नंबर शेवटचा आहे. आधी कागद, मग नोंद, मग झाडी, आणि दगडाला हात तर बहुतेक वेळा लावायचाच नाही. हा क्रम उलटा झाला की पावसाने शंभर वर्षांत केलं नाही एवढं नुकसान चार उत्साही माणसं एका दिवसात करू शकतात.

वारस लांब, दगड इथे

ओसाड दफनभूमी दिसली की गावाला नाहीतर सरकारला दोष देऊन आपण मोकळे होतो. खरं कारण साधं आहे. दफनभूमी टिकते ती येण्याजाण्याने. कुणाला माती द्यायला, वर्षश्राद्धासारख्या दिवशी प्रार्थनेला माणसं येत राहिली की गवत आपोआप तुडवलं जातं, फाटक मोडलं तर कळतं. ती माणसंच गेली की जागा पोरकी होते.

बेने इस्रायलांची परंपरा अशी की पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. तिथे आज स्मारक आहे. हे नेमकं केव्हा घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढचा सगळा इतिहास मात्र इथल्या मातीत मुरलेला आहे. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज. गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. घरातली भाषा मराठी. १९४८च्या सुमारास सुमारे २०,००० लोकांचा हा समाज होता. त्यानंतर बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ज्यू मिळून २,४६६ भरले. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर कित्येक गावांत या समाजाचं एकही घर उरलं नव्हतं.

दुसरीकडेही थोड्याफार फरकाने हेच झालं. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी केली. पलटण हलली, साहेबांची थडगी राहिली. महाबळेश्वरचा ऑर्थर सीट पॉइंट ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या ऑर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी १८५३च्या डिसेंबरात बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटून बुडाली. त्यांचं स्मारक बाणकोटला आहे. पॉइंटवरून खाली सावित्रीचं खोरं बघणाऱ्या हजारोंपैकी किती जण त्याच सावित्रीच्या मुखापर्यंत जात असतील? रत्नागिरीत ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये वारला. शव मायदेशी न्यायची कुटुंबाची इच्छा होती, इंग्रजांनी ती मानली नाही, आणि अखेर १९१९ मध्ये त्याला रत्नागिरीतच थडग्यात ठेवलं. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. असा पाहुणा येतो तेव्हा रस्ता होतो, रंग लागतो. पण गवत दर पावसाळ्यात वाढतं, आणि राष्ट्राध्यक्ष काही दर पावसाळ्यात येत नाहीत.

इंग्रजी थडग्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: 'त्यांना काय, लंडनहून पैसे येतात.' पैसे येतात ते युद्धसमाध्यांना. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांची, म्हणजे १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ या काळातल्या समाध्यांची निगा राखतं. दापोली-बाणकोटचे मृत त्याच्या खूप आधीचे. त्यांच्यासारख्यांसाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एक स्वयंसेवी संस्था निघाली, ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया. तिची मदत लहान असते, आणि जागेवर काम करणारा स्थानिक गट असेल तरच तिचा उपयोग होतो.

आधी सातबारा

जागा कोणाची? हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कागद न बघता साफसफाई केली आणि शेजारच्या बागायतदाराने 'माझ्या हद्दीत कोण शिरलं' म्हणून तक्रार केली, तर चांगलं काम करणारेच पोलीस ठाण्यात बसतात.

तलाठ्याकडून (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तोंडात तलाठीच येतं) सातबारा घ्यायचा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचायचा. गावठाणात किंवा शहरात असेल तर मालमत्ता पत्रक. मग गावचा नकाशा, जुने फेरफार आणि जमलं तर भूमी अभिलेख कार्यालयातलं मोजणीचं टिपण. जुना फेरफार फार बोलका असतो: कधी कुणाचं नाव लागलं, कुणाचं गेलं, 'दफनभूमी' हा शब्द कोणत्या साली गळाला, हे तिथे कळतं.

साधारण चार शक्यता निघतात. एक, जागा ट्रस्टची आहे. ज्यू दफनभूमी बहुधा एखाद्या सिनेगॉगच्या ट्रस्टकडे असते, आणि सार्वजनिक ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ३६वं कलम त्यासाठीच आहे. दोन, ती वक्फ आहे, मग वक्फ मंडळाची नोंद बघायची. तीन, सरकारी जमीन. महसूल अधिनियम, १९६६च्या २२व्या कलमाने जिल्हाधिकारी अशी जमीन दफनासाठी राखून ठेवू शकतात. चौथी शक्यता सगळ्यात त्रासाची: कागदावर ती कुणाच्या तरी खाजगी वाडीचा भाग आहे आणि दफनभूमीचा उल्लेखच नाही. इथे भांडायला जाऊ नये. वाडीच्या मालकाला बरोबर घ्यावं, कारण कोकणात अशा कित्येक जागा त्याच्याच घरातल्या जुन्या माणसांनी 'तिथे नांगर घालायचा नाही' असं सांगून राखलेल्या असतात.

हद्दीबद्दल शंका असेल तर सरकारी मोजणी मागवून हद्द कायम करून घ्यावी. यात महिने जातात. जाऊ द्यावेत.

जागा संरक्षित स्मारक आहे का हेही विचारून घ्यायला हवं. केंद्राचा कायदा १९५८चा, राज्याचा १९६०चा. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय रत्नागिरीत आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. कोकणातल्या बहुतेक दफनभूमी कोणत्याच यादीत नाहीत. म्हणजे तिथे सरकारी पहारेकरी येणार नाही, आणि गावाला अडवणाराही कुणी नाही. मात्र कायद्याचं बोट अगदीच सुटलेलं नसतं. दफनाच्या जागी कुणाच्या भावना दुखावण्यासाठी घुसखोरी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३०१व्या कलमाखाली गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुना कोरीव लेख १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतो. तेव्हा तुटलेली लेखाची फरशी 'जपून ठेवतो' म्हणून घरी नेणं हे प्रेमापोटी केलं तरी चुकीचंच. खाडीलगत कुंपणाची भिंत घालायची असेल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी लागते का, तेही आधीच बघितलेलं बरं.

मग वही

झाडी तोडायच्या आधी नोंद. दाट जाळीत कुठे दगड आहे हे माहीत नसताना कोयता चालवला की पात्याचे घाव लेखावर बसतात, आणि चिऱ्यांची एखादी साधी ओळ 'दगडगोटे' म्हणून बाजूला फेकली जाते. ती ओळच बहुतेक वेळा सगळ्यात जुनी कबर असते. श्रीमंत घराने कोरीव फरशी बसवली. बाकीच्यांच्या डोक्याशी एक चिरा, पायाशी एक चिरा, इतकंच.

बिनलेखाच्या कबरीची दिशाही माहिती देते. मुसलमानी दफनात चेहरा काब्याकडे वळवतात. कोकणातून काबा साधारण पश्चिमेला, म्हणून कबर दक्षिणोत्तर. जुनी ख्रिस्ती थडगी बहुतांशी पूर्वपश्चिम, डोकं पश्चिमेला. यावरून लगेच निकाल देऊ नये, पण कंपास लावून दिशा वहीत लिहून ठेवावी.

पद्धत साधी आहे. टेपने मोजून कागदावर आराखडा काढायचा, प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा. क्रमांक आराखड्यावर आणि लाकडी खुंटीवर. दगडावर ऑइलपेंटने कधीही नाही. प्रत्येकाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. दगड कोणता, भाषा कोणती, तडा कुठे. झिजलेली अक्षरं भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा बघावं, नाहीतर आरसा धरून बाजूने उजेड पाडावा. पीठ चोळणं, खडूने गिरवणं, शेव्हिंग फोम लावणं हे इंटरनेटवरचे उपाय दगडाच्या छिद्रांत कायमची घाण सोडून जातात.

बेने इस्रायल थडग्यांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही सापडतं, कधी इंग्रजीही. हिब्रू येत नसेल तरी मराठी ओळ वाचता येते, आणि ती जशी आहे तशीच उतरवायची. जुनं शुद्धलेखन सुधारायचं नाही. तारखांचा हिशेब मात्र माहीत हवा. ज्यू सालातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो. शकात ७८ मिळवायचे. हिजरीचं वर्ष चांद्र, सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथे सरळ वजाबाकी चालत नाही. हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२ केलं की जवळपास पोचता येतं. ज्यू ५६६८, शके १८३०, हिजरी १३२६: तिन्ही १९०८च्याच आसपासची. एखाद वर्षाचा फरक राहतो, कारण ही वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. हिब्रूत साल आकड्यांऐवजी अक्षरांत लिहितात आणि हजाराचा आकडा बऱ्याचदा गाळतात, त्यामुळे ती ओळ जाणकाराला फोटो पाठवून वाचून घ्यावी.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर अक्षीचं उदाहरण द्यावं. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ म्हणजे १०१२चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी. कित्येक वर्षं तो रस्त्याकडेला ऊनपावसात होता. अभ्यासकांनी तो वाचून छापून ठेवला, म्हणून अक्षरं झिजत गेली तरी मजकूर हातात राहिला. दगड वाचवायला वेळ लागेल, पैसा लागेल. नोंद या हिवाळ्यातही होऊ शकते.

वहीत माणसांच्या आठवणीही याव्यात. गावातल्या वयस्कर बाईला 'आजी, इथे शेवटची माती कुणाची झाली होती?' एवढं विचारलं तरी खूप निघतं: कुठल्या घरातले होते, कोण कुठे गेलं, फाटकाची किल्ली कुणाकडे असायची. गेलेल्या कुटुंबांपर्यंत पोचणंही वाटतं तितकं अवघड नाही. इस्रायलमध्ये या समाजाने 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मराठीत लिहिलेलं पत्र आणि आजोबांच्या नावाच्या दगडाचा फोटो तिथे आजही वाचला जातो.

दगड, पाऊस आणि सिमेंट

आता जागेवर काम. ते दिवाळीनंतर, गवत वाळू लागल्यावर. पूर्ण बूट आणि जाड हातमोजे घालूनच आत जावं. जांभ्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो आणि तो दिसत नाही. ज्यू दफनभूमी असेल तर शनिवारी काम ठेवू नये. आत खाणंपिणं टाळावं, बाकी रीत ट्रस्टच्या माणसांना विचारून घ्यावी.

रान जाळून साफ करायचं नाही. राब भाजणाऱ्या कोकणात हा मोह मोठा असतो. पण आगीने तापलेल्या दगडाला तडे जातात, संगमरवर आतून भुसभुशीत होतो, आणि वणवा शेजारच्या काजूत गेला तर गाव पुन्हा तुमच्या पाठीशी उभं राहणार नाही. झुडपं जमिनीलगत कापायची, उपटायची नाहीत. थडग्याच्या सांध्यात उगवलेला पिंपळ किंवा उंबर तर मुळीच ओढू नये. मुळाबरोबर बांधकाम येतं. बुंधा कापून मूळ जागच्या जागी मारावं, कुजू द्यावं, आणि राहिलेली पोकळी चुन्याने भरावी. मोठी झाडं वाकलेली असतील तर त्यांचा आधी बंदोबस्त करावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडात माडपोफळींचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. थडग्यावर झाड पडलं की जे फुटतं ते सांधता येत नाही.

दगड खराब होतो तो पावसाइतकाच मिठाने. इथे बहुतेक ठिकाणी वर्षाला २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत खारटपणा असतो. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी आत मुरतं, बरोबर क्षार नेतं. पुढे आठ महिने ते पाणी वाळत बाहेर येतं, क्षार मात्र पृष्ठभागाच्या आतच स्फटिक होऊन बसतात. स्फटिक फुगतात आणि दगडाचा वरचा थर पोपड्यासारखा सुटतो. अक्षरं असतात ती नेमकी त्या थरावर.

म्हणूनच सिमेंट घातक. जुनी थडगी चुन्यात बांधलेली आहेत, आणि चुना ओलावा बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं. पाण्याला वाट एकच उरते, मऊ दगडातून. तीनचार पावसाळ्यांत सिमेंट टणक उभं राहतं आणि मागचा जांभा भुसा होतो. वर सिमेंट स्वतःचेही क्षार दगडाला देतं. चुना भिजवून मळून काम करणारा गवंडी शोधावा लागतो, मजुरी जास्त पडते, काम हळू होतं. तरीही दुसरा पर्याय नाही, आणि गवंडी मिळेपर्यंत सांधे तसेच राहिलेले परवडतात.

धुण्याबद्दल. काळ्या दगडावरचं शेवाळ आणि दगडफूल बऱ्याचदा तसंच ठेवलं तरी चालतं. लेख वाचायचाच असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची कामटी. दगड आधी पूर्ण भिजवायचा. तारेचा ब्रश, पाण्याचा जोराचा फवारा आणि बाथरूमचं ॲसिड या तिन्हींना बंदी. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो. त्या दिवशी तो पांढराशुभ्र दिसतो, सगळे खूश होतात, आणि पुढच्या वर्षी बोटाला साखरेसारखे कण लागतात. अक्षरांत काळा रंग भरणं हीसुद्धा हौसच. रंगवणाऱ्याने चुकीचं वाचलं असेल तर पुढच्या सगळ्यांना तेच दिसतं. चुन्याचा पातळ हात बांधीव ओट्यांना पूर्वापार देत आले आहेत, तो द्यायला हरकत नाही, पण लेखाच्या दगडावर नको.

पडलेला दगड लगेच उभा करायची घाई नको. एक मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, दहा सेंटिमीटर जाड काळ्या दगडाची फरशी सुमारे १४० किलो भरते. पायावर पडली तर पाय जातो. तुकडे असतील तर क्रमांक देऊन, वाळूच्या थरावर, त्याच थडग्याशी ठेवावेत.

निधी येतो तेव्हा

निधी आला की दफनभूमी वाचली असं वाटतं, आणि तिथेच सांभाळायला हवं. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतींना दहनभूमी-दफनभूमीच्या कामासाठी अनुदान मिळतं. त्या अंदाजपत्रकात ठरलेल्या गोष्टी असतात: काँक्रीटची भिंत, पत्र्याची शेड, पेव्हर ब्लॉक. वापरातल्या स्मशानात हे उपयोगाचं आहे. जुन्या दफनभूमीत मात्र सपाटीकरणाला जेसीबी येतो आणि बिनलेखाच्या कबरी एका सकाळीत जातात. तेव्हा आधीची वही आणि आराखडा अंदाजपत्रकाला जोडायचा, कबरी असलेल्या भागात यंत्र जाणार नाही हे लेखी घ्यायचं, आणि भिंतीऐवजी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडावर दगड नुसता रचलेला बांध, मागायचा. गडगा स्वस्त पडतो, पाणी अडवत नाही आणि तो रचणारे हात अजून गावात आहेत.

वर्षभराचा खरा खर्च एवढा मोठा नसतोच. पावसाआधी चर मोकळे करणं, दिवाळीनंतर गवत कापणं, फाटकाची कडी, आणि किल्ली कुणाकडे आहे हे चार माणसांना माहीत असणं. वहीच्या प्रती तीन: एक ट्रस्टकडे किंवा जमीनमालकाकडे, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात. ग्रामसभेत नुसतं तोंडी बोलून काही होत नाही. १ मेच्या ग्रामसभेसाठी विषय आधीच लेखी द्यावा, सातबारा आणि आराखडा जोडावा, आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्क्यासह मागून घ्यावी.